रथाची मालकी

प्लेटोच्या 'फीड्रस' संवादांत आत्म्याला रथाची उपमा दिलेली आहे. कठोपनिषदांतही रथाचें रूपक आहे. एवढें साम्य दिसतांच, "ग्रीकांनीं हें आमच्याकडूनच नेलें," असा जयघोष करणारे पंडित आपल्याकडे पुष्कळ आहेत. हा स्वाभिमान नव्हे. हा वाचनाचा आळस आहे.

प्रथम काळाचा विचार करूं. प्लेटो इ. स. पू. ३४७ च्या सुमारास वारला. शिकंदर सिंधुनद ओलांडून आला तो इ. स. पू. ३२६ मध्यें, आणि मेगॅस्थेनीस चंद्रगुप्ताच्या दरबारीं आला तो त्याच्याही मागाहून. तत्पूर्वीं इराणी साम्राज्याच्या द्वारें उभय देशांचा संबंध होता, हें खरें; परंतु वाट होती एवढ्यावरून अमुक माल त्या वाटेनें गेला, असें सिद्ध होत नाहीं. शिवाय रथ ग्रीकांच्या घरचाच होता: प्लेटोच्या आधीं पार्मेनिडीसनेंही आपल्या तत्त्वकाव्याचा आरंभ रथप्रवासानेंच केला आहे.

आतां रूपकें उघडून पाहूं. कठांत शरीर हा रथ, बुद्धि सारथि, मन लगाम, इंद्रियें घोडे आणि विषय हे मार्ग. या सर्वांहून निराळा असा आत्मा हा रथांत बसलेला स्वामी. प्लेटोच्या रथांत हा स्वामीच नाहीं! तेथें सारथि आणि पंख असलेले दोन घोडे मिळूनच आत्मा होतो. विवेक हांकतो, एक घोडा शुभ्र व आज्ञाधारक, दुसरा काळा व उद्दाम. शरीर तर पंख गळून खालीं पडल्यावर मागाहून लाभतें. कठांतील घोडे सारथ्याच्या विवेकानुसार वळतात वा उधळतात. प्लेटोचा काळा घोडा जातीचाच वाईट. एक म्हणतो, ओढाताण साधनांची आहे, स्वामी तिच्याहून निराळा आहे. दुसरा म्हणतो, ती ओढाताण आत्म्याच्याच पोटांत आहे.

मग दोन्ही रथ एकच म्हणण्यानें हानि कोणाची? पहिली आमचीच. प्लेटोनें आमचाच रथ नेला असें म्हणावयाचें, तर त्यांतील स्वामीला क्षुल्लक मानून खालीं उतरवावें लागतें. आणि यमानें नचिकेत्याला जें सांगितलें त्याचें मर्म तर तोच स्वामी आहे. दुसरी हानि प्लेटोची: आपल्याच आत्म्यांत हा कलह कां, हा त्याचा प्रश्न आम्ही ऐकूनच घेत नाहीं.

साम्य हा अभ्यासाचा आरंभ होय, निकाल नव्हे. ज्याला पूर्वजांचा अभिमान आहे, त्यानें आधीं त्यांचें रूपक शेवटपर्यंत वाचावें. परक्याच्या तबेल्यांत आपले घोडे शोधीत हिंडूं नये.