बालनटाचे बालपण

आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' हा चित्रपट १९५३ साली पडद्यावर आला आणि पुढील वर्षी राष्ट्रपतींच्या पहिल्या सुवर्णपदकाचा मानकरी ठरला, तेव्हा श्याम म्हणून घरोघरी पोचलेल्या माधव वझे या मुलापुढे कीर्तीची केवढी मोहिनी उभी राहिली असेल! तरीही त्याने विद्येची वाट सोडली नाही. तो इंग्रजीचा प्राध्यापक झाला, नाट्यसमीक्षक झाला आणि पुढे त्या दिवसांवर एक पुस्तकही त्याने लिहिले. याउलट, १९६८ च्या 'ऑलिव्हर!' या ब्रिटिश चित्रपटातील उनाड खिसेकापू साकारून सोळाव्या वर्षी ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलेला जॅक वाइल्ड तारुण्यातच मद्याच्या आहारी गेला आणि २००६ मध्ये, अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी, कर्करोगाने निवर्तला. गुणांत कोण उणा, कोण अधिक, हे ठरविण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु टाळ्यांच्या गजरात मुलाच्या अभ्यासाची, झोपेची आणि पैशाची राखण कोण करतो, हा प्रश्न मला कलेच्या प्रश्नाइतकाच थोर वाटतो.

बीडकरांनी हा प्रश्न दूरचा मानू नये. करमाळा तालुक्यातील केम गावात हलगी वाजविणारा सोमनाथ अवघडे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांच्या दृष्टीस पडला आणि 'फँड्री'साठी त्याने राष्ट्रीय पुरस्कार मिळविला; तसा एखादा पोर उद्या पाटोद्यात किंवा धारूरच्या डोंगरपट्ट्यात सापडणार नाही, असे कोण म्हणेल? परंतु दिवाळी सरता सरता बिऱ्हाड गाडीत टाकून जेथील मायबाप ऊसतोडीसाठी साखर कारखान्याच्या वाटेला लागतात, शाळेच्या हजेरीपटावर मुलाच्या नावापुढे गैरहजेरीची रांग लागते आणि मुकादमाची उचल फिटता फिटत नाही, तेथे चित्रीकरणाच्या मेहनतान्याचा आकडा ऐकल्यावर अटी विचारण्याचे धैर्य बापाला कोठून यावे? भर चैत्रातल्या उन्हात, चेहऱ्यावरचा रंग घामाने ओघळत असता, एकच वाक्य विसाव्यांदा म्हणणारे पोर 'आता पुरे' असे आपण होऊन म्हणत नाही. ते कोणीतरी मोठ्या माणसाने म्हणावे लागते.

कायद्याने ते म्हटलेले आहे. बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या सुधारित नियमांनुसार, ज्या जिल्ह्यात काम व्हावयाचे तेथील जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने आधी घेतली पाहिजे. मुलाकडून दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक काम घेता येत नाही. सलग सत्तावीस दिवसांपलीकडे त्याला राबविता येत नाही. शिक्षणात खंड पडू द्यावयाचा नाही. आणि मिळकतीपैकी निदान वीस टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी लागते. तजवीज चोख आहे. परंतु कचेरीच्या दप्तरात निजलेले कलम ज्याच्यासाठी केले, त्या बापाच्या कानी गेले नाही, तर ते असून नसल्यासारखेच. ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि शाळेच्या भिंतीवर हे नियम सोप्या मराठीत लावण्याचा हुकूम जिल्हाधिकारी कार्यालयाने काढावा, त्याला फारसा खर्चही येणार नाही.

आणि तुमच्या दारी कोणी मुलाला चित्रपटासाठी मागावयास आला, तर आनंदाने बसवून घ्या, चहा द्या; पण होकार देण्यापूर्वी परवानगीची नक्कल मागा, आणि काम संपल्यावर मुलाच्या नावाची ठेवपावती स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.