नवख्याचा वेग, जाणत्याचा वेळ

कोडिंग असिस्टंटमुळे काम किती झपाट्याने उरकते, याचे आकडे हल्ली प्रत्येक सादरीकरणात झळकतात. ते आकडे खोटे नसतात. मात्र ते कोणाचे आणि कसल्या कामाचे, हे त्या स्लाइडवर क्वचितच लिहिलेले असते.

गिटहब कोपायलटचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग घ्या. ९५ डेव्हलपरांना जावास्क्रिप्टमध्ये एचटीटीपी सर्व्हर लिहायला दिला होता. कोपायलट वापरणाऱ्यांना ५५.८ टक्के कमी वेळ लागला. कोरी फाइल, नेमकी मागणी आणि जुन्या कोडचे लोढणे नाही! पुढे मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅक्सेंचर आणि आणखी एका बड्या कंपनीतल्या ४,८६७ डेव्हलपरांचे रोजचे काम तपासले, तेव्हा पूर्ण झालेल्या पुल रिक्वेस्टमधली वाढ सुमारे २६ टक्के निघाली. त्यातही सरशी कमी अनुभवाच्या मंडळींची होती.

२०२५ मध्ये ‘मीटर’ या अमेरिकी संशोधन संस्थेने मुरलेले ओपन सोर्स डेव्हलपर निवडले. माणसे १६, कामे २४६ आणि रिपॉझिटरी त्यांच्याच, वर्षानुवर्षे हाताळलेल्या. एआयची मुभा असलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. काम संपल्यावरही एआयमुळे आपला २० टक्के वेळ वाचला, असेच त्यांना वाटत होते. प्रॉम्प्ट लिहिणे, उत्तराची वाट पाहणे, आलेला कोड तपासणे आणि त्यातला बराचसा टाकून देणे, यात वेळ गेला होता. साधने तेव्हापासून सुधारली आहेत. म्हणून आपल्या वेगाचा आपलाच अंदाज भरवशाचा झाला, असे नाही.

या प्रयोगांतून नोकरीच्या वर्षांपेक्षा कोडशी असलेली ओळख महत्त्वाची दिसते. जावात पंधरा वर्षे घालवलेला माणूस पहिल्यांदा रस्ट लिहायला बसला, की त्या कामापुरता नवखाच.

नवख्याच्या वेगाची दुसरी बाजूही आहे. अँथ्रोपिकने ५२ डेव्हलपरांना पायथनची ट्रिओ ही अनोळखी लायब्ररी शिकायला दिली. नंतरच्या चाचणीत एआय वापरणाऱ्यांना सरासरी ५० टक्के, तर हाताने कोड लिहिणाऱ्यांना ६७ टक्के गुण मिळाले. एआय वापरूनही ‘हे असे का?’ विचारत राहिलेल्यांची समज मात्र चांगली राहिली.

समजेतली ही उणीव टीममध्ये रिव्ह्यूच्या वेळी उघडी पडते. ज्युनिअरच्या पुल रिक्वेस्ट वाढतात आणि त्या वाचण्याचे काम सिनिअरवर येते. पहिल्याचा वेग डॅशबोर्डवर चढतो, दुसऱ्याचे तास कुठेच नोंदले जात नाहीत.

तेव्हा टीम लीडनी प्रत्येक तिकिटावर रिव्ह्यूचे आणि फेरदुरुस्तीचे तास नोंदवायला सुरुवात करावी. नव्या माणसाने मर्जपूर्वी आपला कोड तोंडी समजावून सांगावा. आणि अप्रेझलच्या तक्त्यातून ओळींची व पुल रिक्वेस्टची नुसती मोजदाद काढून टाकावी; पुढच्या तिमाहीपासून हे करायला कोणत्याही नव्या साधनाची गरज नाही.