देवबाग संगमावरील लाटा, ओढ आणि वाळूचा दांडा : सुरक्षेच्या मागण्यांचे निवेदन

देवबाग, ता. मालवण
दिनांक : ४ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
सिंधुदुर्ग, सिंधुदुर्गनगरी (ओरोस)

विषय : कर्ली नदीच्या मुखावर कायम चौकी नेमणे, मुख तासागणिक खुले-बंद ठरवणे आणि पावसाळ्यानंतर होड्यांच्या मार्गाची नव्याने आखणी करणे याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे देवबाग, तारकर्ली आणि नदीपलीकडच्या भोगवे गावातले रापणकर, होडीचालक आणि अलीकडे सर्फिंगकडे वळलेले तरुण आहोत. येत्या १ सप्टेंबरला जलक्रीडा पुन्हा सुरू होतील. त्याआधी कर्ली आणि समुद्र यांच्या संगमावरच्या पाण्याबद्दल आम्हाला जे ठाऊक आहे ते आपल्यापुढे मांडून काही मागण्या करीत आहोत.

संगमाचे पाणी आणि तारकर्लीच्या किनाऱ्याचे पाणी ही दोन वेगळी पाणी आहेत, पण पर्यटकाला ती एकच वाटतात. किनाऱ्यावर लाट सरळ वाळूवर येऊन विरते. संगमावर तिला समोरून नदी भेटते. कर्लीने पावसाळ्यात वाहून आणलेली वाळू आणि समुद्राने मागे लोटलेली वाळू यांचा मुखासमोर दांडा तयार होतो. खोल पाण्यातून आलेली लाट या दांड्यावर एकदम उभी राहते आणि एका टोकापासून मोडत बाजूला सरकत जाते. सर्फिंगवाल्यांना हवी असते ती हीच लाट. सकाळी मतलई वारा असताना ती स्वच्छ, गुळगुळीत येते. दुपारी खारा वारा सुटला की तिचा आकार बिघडतो. अशी लाट आपल्या किनारपट्टीवर मोजक्याच ठिकाणी मिळते आणि आमच्या मुलांना तिचा अभिमान आहे.

धोका सुकतीत, म्हणजे ओहोटीत, आहे. भरतीबरोबर खाडीत दूरवर चढलेले पाणी पुढच्या सुमारे सहा तासांत याच अरुंद मुखातून बाहेर पडते. भांगाच्या दिवसांत ही ओढ सौम्य असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मात्र ती पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आवरत नाही. बाहेर जाणारे पाणी आणि आत येणारी लाट समोरासमोर आली की लाट आखूड होते, तिची उंची वाढते आणि ती उभ्या कडेने कोसळते. त्यामुळे किनाऱ्यावर कमरेइतकी दिसणारी लाट त्याच तासाला मुखावर पुरुषभर उंच झालेली आम्ही पाहतो. त्यात आणखी एक फसवणूक आहे. छापील तक्त्यातली ओहोटी संपण्याची वेळ ही समुद्राची वेळ असते. खाडीत साठलेले पाणी त्यानंतरही बराच वेळ बाहेर पडत राहते. तक्ता पाहून ‘आता पाणी थांबले असेल’ असे समजून उतरणारा माणूस ओढीच्या तोंडी सापडतो.

मागच्या हंगामात एका सकाळी सर्फिंग शिकणारा गावचाच एक मुलगा असा दांड्याबाहेर गेला. फळीवर पालथा पडून तो किनाऱ्याच्या दिशेने जीव खाऊन हात मारत होता, आणि भोगव्याच्या डोंगराच्या खुणेवर पाहिले तर जागचा हलत नव्हता. जवळच जाळे सोडवत थांबलेल्या होडीतल्या म्हाताऱ्या तांडेलाने ओरडून सांगितले, “आडवो मार रे, पाण्यावांगडा झगडा नको!” मुलाने फळी वळवली, ओढीला काटकोनात हात मारले, उथळ भागावर आला आणि लाटेनेच त्याला वाळूवर आणून टाकले. ती होडी त्या वेळी तिथे असणे हा योगायोग होता. योगायोगावर चाललेली ही व्यवस्था आम्हाला बदलायची आहे.

पर्यटक ज्याला त्सुनामी आयलंड म्हणतात त्या वाळूच्या पट्ट्याचीही हीच गत आहे. सुकतीला तो उघडा पडतो, घोटाभर पाण्यात कुटुंबेच्या कुटुंबे उभी असतात. पट्ट्याची खाडीकडची कड मात्र सरळ खोल पात्रात उतरते. भरती चढू लागली की पायाखालची वाळू सुटते आणि दोन पावलांत माणसाला तळ लागत नाही.

सध्याची सुरक्षा तारखांवर उभी आहे. २६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा बंद, एरवी सुरू. ही बंदी योग्यच आहे आणि आम्ही ती पाळतो. पण समुद्र तारीख पाहत नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंगची बोट उलटून दोन पर्यटक दगावले. तेव्हा बंदीला दोन दिवस बाकी होते. एप्रिल-मे महिन्यांत दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांनी उठवलेल्या लांब पल्ल्याच्या लाटा हजारो किलोमीटर कापून आपल्या किनाऱ्यावर येतात. आकाश निरभ्र असते, वारा नसतो, आणि दोन लाटांमध्ये पंधरा सेकंद किंवा त्याहून अधिक अंतर असल्याने मधल्या शांततेत पाणी निवळल्यासारखे वाटते. हैदराबादची इन्कॉइस संस्था उंच लाटांचे इशारे देते. ते किनाऱ्याच्या लांब पट्ट्यांसाठी असतात. त्या दिवशी, त्या तासाला, संगमावर काय करायचे हे त्यातून कळत नाही. ते ठरवायला पाण्याकडे डोळे लावून बसलेला माणूस लागतो.

म्हणून आमची सर्वांत मोठी मागणी चौकीची आहे. संगमाच्या देवबाग बाजूला १ सप्टेंबर ते २५ मे, सूर्योदय ते सूर्यास्त, किमान दोन प्रशिक्षित जीवरक्षक असावेत आणि मुख त्या वेळेपुरते बंद करण्याचा अधिकार त्यांना लेखी मिळावा. त्यांनी लाल बावटा लावला की होडी, जेट स्की, पोहणारा, सर्फर, कोणीही पुढे जाणार नाही. पाणी निवळले की बावटा उतरेल. अधिकाराशिवाय नुसता माणूस बसवला तर हंगामाच्या गर्दीत त्याचे कोणी ऐकणार नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो. जीवरक्षक स्थानिक असावेत. ज्याच्या आजोबांनी या दांड्यावर रापण ओढली त्याला पाण्याचा रंग पाहून ओढ समजते, आणि तारकर्लीतच एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंगची संस्था असल्याने प्रशिक्षणाला लांब जावे लागणार नाही. त्यांना बारमाही वेतन द्यावे. बंदीचे तीन महिने घरी बसवले की तरबेज मुलगा मुंबईची वाट धरतो. शेजारच्या गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक आहेत, हे आपणास विदित आहेच.

दुसरी मागणी मार्गाची. दर पावसाळ्यात दांडा सरकतो आणि होड्यांचे पात्रही सरकते. गेल्या वर्षीच्या खुणांवर यंदा होडी घातली तर ती वाळूवर बसते आणि आडव्या लाटेत उलटते. महाराष्ट्र सागरी मंडळामार्फत सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पात्राची खोली मोजून तरंगत्या खुणा लावाव्यात आणि ऑक्टोबरमध्ये एका उधाणानंतर त्या पुन्हा तपासाव्यात. दांड्यावरची लाट जिथे मोडते तो भाग सर्फिंगसाठी राखून, काळ्या-पांढऱ्या चौकटींचा बावटा लावून, जेट स्की आणि बनाना राइडपासून वेगळा करावा.

जेट्टीवर रोज सकाळी खडूने लिहिलेला फलक असावा : भरती-सुकतीची वेळ, लाटेची उंची, दोन लाटांमधले सेकंद, इन्कॉइसचा इशारा, आणि ११२, १०८ व तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक. मजकूर मराठीत असावा आणि ग्रामपंचायतीच्या ध्वनिक्षेपकावरूनही सांगितला जावा. चौकीवर वायरलेस संच, बचावफळी, प्राणवायूचे सिलिंडर आणि सदैव तयार असलेली एक होडी हवी. देवबागेतून मालवणला जाणारा रस्ता एकच आणि अरुंद आहे. बुडालेल्याला पहिली मदत वाळूवरच मिळाली पाहिजे.

दोन गोष्टी आम्ही मागत नाही, हेही नोंदवतो. सर्फिंगवर सरसकट बंदी नको. बंदी आली की मुले पहाटे, कोणी पाहत नसताना उतरतील. आणि मुखावरचा दांडा सरसकट उपसण्याची मागणीही या निवेदनात नाही. बाहेरच्या लाटांचा जोर हा दांडा अंगावर घेतो. शास्त्रीय अभ्यासाशिवाय तो काढला, तर आधीच समुद्राने कुरतडलेल्या देवबागच्या चिंचोळ्या पट्टीला त्याची किंमत मोजावी लागेल, अशी आमची स्पष्ट भीती आहे.

पिठोरी अमावास्येच्या सुमारास, २२ किंवा २३ ऑगस्टला, दुपारची उधाणाची भरती उतरू लागताना आपण सागरी मंडळ, पोलीस आणि ग्रामपंचायतीच्या प्रतिनिधींसह संगमावर संयुक्त पाहणी करावी, ही विनंती. काठावरून दांडा, ओढ आणि चौकीची योग्य जागा दाखवण्यासाठी आमच्यातले जाणते तांडेल हजर राहतील. पाहणीची वेळ कळवावी.

आपले विश्वासू,
देवबाग, तारकर्ली व भोगवे येथील मच्छीमार, होडीचालक आणि सर्फिंग करणारे ग्रामस्थ
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
१. महाराष्ट्र सागरी मंडळ
२. तहसीलदार, मालवण व वेंगुर्ला
३. ग्रामपंचायत, देवबाग