पॉवर ब्रेक बसवावा, पण शेवटी

जुन्नर तालुक्यातून माल भरून माळशेज घाट उतरणाऱ्या शेतकऱ्याला ब्रेकचे महत्त्व सांगावयास नको. ज्यांच्याजवळ केवळ पायाच्या जोरावर ब्रेक लागणारी जुनी लहान मालमोटार आहे, त्यांनी तिला पॉवर ब्रेक बसवावा काय? अवश्य बसवावा, असे आमचे मत आहे. मात्र तो शेवटी बसवावा, आरंभी नव्हे.

या ब्रेकचे मर्म साधे आहे. पेडल व मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये बूस्टर नावाचा गोल डबा असतो. त्यातील पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा इंजिन ओढून घेते. पेडल दाबताच एका बाजूस बाहेरची हवा शिरते व पडद्याला पुढे लोटते. पडद्याचा व्यास २५ सेंटीमीटर आणि दाबातील फरक दर चौरस सेंटीमीटरला ०.७ किलो असेल, तर सुमारे ३४० किलोंचा जोर चालकाच्या पायास येऊन मिळतो. पेट्रोल इंजिनात ही ओढ आपोआप मिळते, डिझेल इंजिनात मिळत नाही. यास्तव डिझेल गाडीस व्हॅक्यूम पंप जोडल्यावाचून नुसता बूस्टर बसविणे व्यर्थ होय.

परंतु हा जोर पायाला मिळतो, चाकाला नव्हे. लायनर झिजलेले, ड्रम खराब झालेले किंवा व्हील सिलिंडर पाझरणारे असतील, तर तो वाया जातो. गंजलेली नळी तर त्या जोराने फुटावयाची! मास्टर सिलिंडर जुन्या एकेरी पद्धतीचा असल्यास एक नळी फुटताच चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून प्रथम ही दुरुस्ती करून दुहेरी मास्टर सिलिंडर बसवावा. ब्रेक ऑईलही बदलावे. ते हवेतील ओलावा शोषते, घाटात तापल्यावर त्याची वाफ होते आणि पेडल पोकळ लागते.

पेडल हलके झाले की चालकाचे धाडस वाढते, हा आणखी एक धोका. वेग दुप्पट झाला की गाडी थांबविण्याचे काम चौपट होते. हा हिशेब बूस्टरने बदलत नाही. घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करणे म्हणजे आत्मघात होय. थोड्याच वेळा पेडल दाबले की बूस्टरमधील साठा संपतो आणि पेडल दगडासारखे घट्ट होते.

काम जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावे व त्यापूर्वी परिवहन कार्यालयाचा सल्ला घ्यावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील परीक्षा गावोगावी करून दाखवावी. इंजिन बंद ठेवून पेडल चारपाच वेळा दाबावे. ते घट्ट झाल्यावर पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले, तर बूस्टर काम करीत आहे असे समजावे.

बुडालेल्या एका खेपेची किंमत पुढील हंगामात भरून निघेल. घाटाखाली रस्ता ओलांडणाऱ्या मुलाच्या जिवाची भरपाई कोणत्या हंगामात होणार?