आतड्याच्या कॅन्सरच्या रिपोर्टमधली न वाचलेली ओळ

मोठ्या आतड्याच्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट हातात पडला की सगळ्यांची नजर 'अ‍ॅडिनोकार्सिनोमा' या शब्दावर अडकते. मग सर्जन, सीटी स्कॅन, मेडिक्लेम, धावपळ. रिपोर्टच्या तळाशी बऱ्याचदा आणखी एक ओळ असते: 'आयएचसी करून घ्यावी'. विचारलं तर उत्तर मिळतं, "कॅन्सर आहे हे कळलंय ना, मग उगाच खर्च कशाला?"

हे उत्तर चुकीचं आहे, आणि त्याची किंमत पेशंटची मुलं मोजतात.

आयएचसी म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. मेणाच्या ब्लॉकमधल्या तुकड्याचा अतिशय पातळ काप घेऊन त्यावर ठरावीक प्रथिनालाच चिकटणारी अँटिबॉडी घालतात. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. गाठ नेमकी कुठून आली हे कळत नसेल, उदाहरणार्थ लिव्हरमध्ये सापडलेली गाठ मूळची आतड्याची आहे का, तेव्हा सीके२० आणि सीडीएक्स२ हे मार्कर कामी येतात. पण कोलोनोस्कोपीत आतड्यातच गाठ दिसली आहे आणि स्लाइडही स्पष्ट आहे, तर हे मार्कर सहसा लागत नाहीत. तिथे भलंमोठं पॅनेल लावून बिल फुगवणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही.

माझा आग्रह चार प्रथिनांसाठी आहे: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते. त्या नकलेतल्या चुका दुरुस्त करणारी ही मंडळी, छापखान्यातल्या मुद्रितशोधकासारखी. इथे रंग *न* उमटणं हा दोष. शेजारच्या निरोगी पेशींची केंद्रकं तपकिरी आणि गाठीतली कोरी, म्हणजे दुरुस्ती बंद पडली आहे. निरोगी पेशीही कोऱ्या असतील तर चाचणीच फसली, ती पुन्हा करायची.

आतड्याच्या १०० कॅन्सरमध्ये साधारण १५ असे निघतात. त्यातल्या बहुतेकांत एमएलएच१ जनुक वाढत्या वयात 'बंद' झालेलं असतं, त्यात आनुवंशिक काही नसतं. पण १०० मधले सुमारे ३ लिंच सिंड्रोमचे असतात. तिथे दोष जन्मजात असतो आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. अशा मुलांची कोलोनोस्कोपी ऐन तारुण्यातच सुरू करून दर एक-दोन वर्षांनी केली, तर कॅन्सर होण्याआधीच गाठी काढता येतात. मुलींच्या बाबतीत गर्भाशयाकडेही लक्ष ठेवावं लागतं.

"पेशंट पन्नाशीच्या आतला असेल किंवा घरात कॅन्सर असेल तरच करू," हा दुसरा युक्तिवाद. लिंच पन्नाशीनंतरही दिसतो. आणि घरचा इतिहास सांगणार कोण? आपल्याकडे आजोबा 'पोटाच्या दुखण्यानं' गेलेले असतात आणि आत्याच्या 'पिशवीच्या आजाराबद्दल' कोणी बोलत नाही. हा आजार वैद्यकशास्त्राला समजला तोच मुळी एका बाईनं घरचं सांगितलं म्हणून. १८९५ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं पॅथॉलॉजिस्ट अल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितलं की आमच्या घरात सगळे कॅन्सरनंच जातात, मीही जाईन. ती गर्भाशयाच्या कॅन्सरनंच गेली. वॉर्थिन यांनी १९१३ मध्ये त्या कुटुंबाची माहिती प्रसिद्ध केली. सगळ्यांच्याच घरी इतकं बोलणारं माणूस नसतं. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेनं २०१७ मध्येच आतड्याच्या कॅन्सरच्या प्रत्येक पेशंटची ही तपासणी करा असं सांगितलं, ते उगाच नाही.

खर्चाचं म्हणाल, तर ही प्रथिनं जोडीनं राहतात. एमएलएच१ गेलं की पीएमएस२ जातं, एमएसएच२ गेलं की एमएसएच६ जातं. म्हणून पैशांची खरंच ओढ असेल तर आधी फक्त पीएमएस२ आणि एमएसएच६ करा. दोन्ही शाबूत असतील तर सहसा तिथेच थांबता येतं.

उपचारही बदलतात. दुसऱ्या टप्प्यातल्या अशा गाठीला ऑपरेशननंतर नुसत्या ५-एफयू केमोचा फायदा होत नाही. पसरलेल्या आजारात पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध केमोपेक्षा सरस ठरल्याचं २०२० मध्ये दिसलं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये गुदाशयाच्या अशाच गाठी असलेल्या पहिल्या १२ पेशंटना डोस्टारलिमॅब दिलं, आणि २०२२ च्या अहवालानुसार ऑपरेशन किंवा रेडिएशन न करताच सगळ्यांच्या गाठी नाहीशा झाल्या. औषधं महाग आहेत, मान्य. पण ती आपल्याला लागू आहेत का, हेच न कळणं वेगळं.

तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा, "एमएमआर झालं का?" गुदाशयाची गाठ असेल तर रेडिएशनच्या आधीच्या बायोप्सीवरच करून घ्या, कारण नंतर रंग फिका पडू शकतो. तुकड्याची बाटली लॅबमध्ये नेण्याचं काम नातेवाइकांवर आलं, तर आत फॉर्मॅलिनच आहे ना, सलाईन नाही ना, हे विचारून घ्या. रंग गायब असल्याचा रिपोर्ट आला म्हणजे लिंच ठरला असं नाही, पुढे बीआरएएफ आणि जनुकांची तपासणी लागते. आणि पेशंट हयात नसेल तरी लॅबकडे चौकशी करा. मेणाचे ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतात, त्यांवर ही चाचणी आजही होऊ शकते.