मुळा आमचा 3 रुपयांना जुडी, आणि किमची पाकिटातली?

आजच्या नोंदीत पीक कमी आणि भांडण जास्त आहे, आधीच सांगून ठेवतो.

गेल्या आठवड्यात जुन्नरहून टेंपोत मुळ्याच्या जुड्या घालून रात्री निघालो, पहाटे दादरला सेनापती बापट मार्गावरच्या बाजारात उतरलो. थंडीत मुळ्याची आवक दांडगी. जुडी 3 रुपयांनी गेली. भाडं सुद्धा निघालं नाही. शेवटच्या बारा जुड्या कोणी घेईना, त्या पिशवीत कोंबल्या आणि लालबागला बहिणीकडे चहाला गेलो.

तिथं भाची किमची करायला बसलेली. पुढ्यात मॉलमधून आणलेला चायनीज कोबीचा एकच गड्डा, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, पानाच्या कडा करपलेल्या. शेजारी कोरियाहून आलेल्या तिखटाचं पाकीट, 200 ग्रॅम, 350 रुपये. मी म्हटलं, "अगं, ही पिशवीभर मुळ्याची कर की." तर म्हणते, "मामा, आपल्या भाज्यांत कोरियन जेवण होत नाही."

हे वाक्य मला झोंबलं. कारण हेच मी दुसऱ्या तोंडातून ऐकलं होतं आणि त्यापायी पैसे घालवले होते. तीन वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात साहेबांनी सांगितलं, शहरात कोरियन जेवणाची हवा आहे, परदेशी भाज्या लावा. मी 20 गुंठे चायनीज कोबी लावला. थोडी उष्णता वाढली तर गड्डा बांधेना, काहींना सरळ डेंगळे आले, वर चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळीने पानाची चाळण केली. घेणारा आला, चार गड्डे दाबून बघितले, "भरला नाही" म्हणाला आणि गेला. तो गेला तो गेलाच. माल म्हशींनी खाल्ला.

आता मुद्द्याचं. किमची म्हणजे चायनीज कोबी, हे कोणी ठरवलं? कोरियातली माणसं मुळ्याच्या फोडींची किमची करतात, तिला कक्दुगी म्हणतात. कांद्याच्या पातीची करतात, काकडीची करतात. 2010 साली तिकडे पाऊसपाण्याने कोबीचं पीक बसलं, भाव आभाळाला भिडले, तेव्हा त्यांचे राष्ट्राध्यक्ष ली म्युंग-बाक म्हणाले, माझ्या ताटात साध्या गड्डा कोबीची किमची वाढा. लोकांनी त्यांना धारेवर धरलं, पण ते साधा कोबी चालत नाही म्हणून नाही, तर तोही तेव्हा स्वस्त राहिला नव्हता म्हणून!

तिखटाचं तेच. मिरची कोरियाचीही नाही आणि आपलीही नाही. पोर्तुगीजांनी ती गोव्याला आणली, कोरियात पोचली साधारण 400 वर्षांपूर्वी. त्यांचं तिखट म्हणजे लालभडक, कमी जाळ, बी काढून जाडसर कुटलेलं. अहो, ही तर ब्याडगी! लालबागच्या मसाला गल्लीत पोती लावून ठेवलीय. बिया झाडा आणि डंकावर सांगा, जाडसर ठेव, पीठ करू नको.

मग मीच बसलो भाचीशेजारी. किलोभर मुळ्याच्या बोटभर फोडी केल्या. त्यांचा मुळा आखूड, जाड आणि घट्ट असतो, आपला लांब आणि पाणीदार. म्हणून 25 ग्रॅम मीठ लावून तासभर ठेवला आणि सुटलेलं पाणी निथळलं. तांदळाच्या पिठाची पातळ खळ शिजवून गार केली, त्यात ब्याडगी, लसूण, आलं, पात, थोडा गूळ. ते लोक खारवलेली बारीक कोळंबी घालतात, आपल्याकडे त्याजागी भाजलेल्या जवळ्याची पूड चालते. मार्गशीर्ष होता म्हणून आम्ही वगळली. चव थोडी उतरते, पण आंबायचं काही थांबत नाही. बरणी पाऊण भरली, कारण आंबताना पाणी वर येतं. मुंबईच्या हवेत एक दिवस बाहेर पुष्कळ, मग फ्रीज. मधे एकदा झाकण उघडून वारा काढायचा.

भातासाठी तिनं परदेशी चिकट तांदळाचं पाकीट बघून ठेवलेलं. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने 1987 साली इंद्रायणी दिला तो काय फक्त पिठलं-भाताला? नवा इंद्रायणी चिकट होतो म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडतं. किंबापच्या गुंडाळीला नेमका तोच चिकटपणा लागतो. उकडून पिळलेला पालक, मोडाचे मूग, गाजर, वर लसूण आणि भाजून भरडलेले तीळ. यातलं काय दादरला मिळत नाही? घाण्याच्या तेलाला मात्र त्यांच्या भाजलेल्या तिळाच्या तेलाचा वास येत नाही, म्हणून तीळ खमंग भाजा. गोचुजांग, म्हणजे त्यांची मिरची-सोयाबीनची आंबवलेली चटणी, ती विकत घ्या. ती घरी धड जमत नाही, उगाच खोटं कशाला बोलू.

साहेब मंडळीही हे पान वाचतात, म्हणून त्यांना थेट विचारतो. तुम्ही आम्हाला नवं बियाणं सांगता, मग शहरातल्या बायामाणसांना हे का सांगत नाही की कक्दुगीला 40-45 दिवसांत उपटलेला, न पोकळलेला मुळा लागतो आणि तो आत्ता बाजारात आहे? पुसा चेतकी उन्हाळ्यातही येतो. नवीन पीक घ्यायचा धोका आमचा आणि जुन्या पिकाला नवीन गिऱ्हाईक शोधायचं काम कोणाचंच नाही, हा कुठला हिशेब?

कोरियात हिवाळ्याच्या तोंडावर शेजारीपाजारी जमून हिवाळाभर पुरेल अशी किमची घालतात, किमजांग म्हणतात. युनेस्कोने 2013 साली त्याची वारसा म्हणून नोंद घेतली. लालबागच्या चाळीत एप्रिलात मसाल्याच्या मिरच्या गच्चीवर वाळत पडतात, तेव्हा दुसरं काय चाललेलं असतं?

परवा भाचीचा फोन आला. बरणी संपली, मजल्यावरच्या चौघींना मुळा हवाय. मी म्हटलं, "पंधरा जुड्या आणतो, पाला छाटून हलक्या करून आणू का?" तर म्हणाली, "नको मामा, कोवळ्या पाल्याची पण किमची होते."