पडदा काळा, तरी संगणक बोलतो!

संगणक सुरू केला. पंखा फिरतो आहे, दिवाही लागला आहे. पण पडद्यावर काहीच नाही. आता बिघाड शोधायचा कसा? अशा वेळी तंत्रज्ञ मंडळी दुसरा, चालू संगणक शेजारी ठेवतात आणि दोघांना सीरियल केबलने जोडतात. आजाऱ्याची तक्रार मग शेजाऱ्याच्या पडद्यावर उमटू लागते.

मुळात तीनच तारा पुरतात. एक बोलायची, एक ऐकायची आणि तिसरी सामाईक ग्राउंडची. मेख एकच : एकाची बोलायची तार दुसऱ्याच्या ऐकायच्या टोकाला गेली पाहिजे. सरळ जोडल्या, तर तोंडाला तोंड आणि कानाला कान! दोन्हीकडे वेगही सारखाच हवा. ९६०० या वेगाने सेकंदाला सुमारे ९६० अक्षरे जातात. वेग जुळला नाही, तर नुसती गिचमीड दिसते.

या जोडणीचे आरएस-२३२ हे मानक १९६० सालचे. घरच्या संगणकांवरचे नऊ पिनांचे पोर्ट तर आता जवळपास नाहीसे झाले. मग ही विद्या कालबाह्य झाली का? मुळीच नाही. चेन्नईला आयआयटी मद्रासमध्ये 'शक्ती' हा भारतीय प्रोसेसर घडला. २०१८ साली त्याच्या चिपवर लिनक्स सुरू झाले. त्यावरच आधारलेली, इस्रोच्या साथीने तयार झालेली 'आयरिस' चिप २०२५ साली जाहीर झाली. अशा नव्या चिपच्या बोर्डाला बहुधा ना पडदा असतो, ना कीबोर्ड. वर्षानुवर्षांच्या मेहनतीत जीव आला की नाही, हे सीरियल तारेवर येणारी अक्षरेच आधी सांगतात. 'शक्ती'वर शिकणारे विद्यार्थीही बोर्ड यूएसबी केबलने संगणकाला जोडतात आणि १९२०० वेगाने त्याचे बोलणे ऐकतात. ओळी मध्येच थांबल्या, तर शेवटच्या ओळीवरून कळते, घोडे कुठे अडले!

करून पाहणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जुन्या पोर्टवर १२ व्होल्टपर्यंत दाब असू शकतो. आजचे अनेक बोर्ड ३.३ व्होल्टचे. मध्ये योग्य अॅडॅप्टर न लावता जोडाल, तर चिप जळेल. दुसरी गोष्ट, आपले संदेश सीरियल पोर्टवर पाठवायला संगणकाला आधीच सांगून ठेवावे लागते. ती सोय तो धडधाकट असतानाच करून ठेवा. आग लागल्यावर विहीर खणायला कोण बसणार?